शिकागोची मोनॅडनॉक इमारत : सहा फूट जाड भिंतीमागचे कारण

शिकागोच्या मध्यवर्ती व्यापारी भागातील मोनॅडनॉक इमारतीविषयी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे : उंच इमारतींसाठी लोखंडी सांगाडा, म्हणजे भिंतींऐवजी स्वतः भार पेलणारी खांब-तुळयांची चौकट, १८८५ च्या सुमारासच वापरात आला होता, मग १८९१ साली पूर्ण झालेल्या सोळा मजली इमारतीचा भार पायथ्याशी सहा फूट जाड असलेल्या विटांच्या भिंतींवर का टाकला गेला? त्याच इमारतीचा दक्षिणेकडील अर्धा भाग अवघ्या दोन वर्षांनी पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने का बांधला गेला? आणि जतनाच्या दृष्टीने या दोन भागांपैकी अधिक अवघड कोणता?

पुष्कळ पुस्तकांत याचे उत्तर एका वाक्यात उरकलेले असते : उत्तरेकडील भाग म्हणजे जुन्या बांधकामपद्धतीचा शेवट आणि दक्षिणेकडील भाग म्हणजे नव्या पद्धतीचा आरंभ. हे विधान चुकीचे नाही, पण त्यातून असा समज होतो की उत्तरेकडचा भाग बांधणाऱ्यांना नवी पद्धत ठाऊक नव्हती. वस्तुस्थिती उलट आहे. जुन्या इमारतींच्या संरचनेवर इतकी वर्षे काम केल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की व्यापारी इमारत समजून घ्यायची असेल, तर तिच्या दर्शनी भागाकडे पाहण्याआधी ती कोणी, कोणत्या उत्पन्नासाठी आणि कोणत्या जमिनीवर बांधली हे पाहावे. मोनॅडनॉकच्या भिंतीची जाडी, तिचा साधेपणा आणि तिच्या पुढे आलेल्या खिडक्या या तिन्ही गोष्टींचा उलगडा त्यातूनच होतो.

ही जागा डिअरबॉर्न आणि जॅक्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. १८७१ च्या मोठ्या आगीत शिकागोचा मध्यवर्ती भाग भस्मसात झाला आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत बाहेरच्या भांडवलदारांनी तेथील जमिनीत पैसा गुंतवला. बॉस्टनचे पीटर आणि शेफर्ड ब्रुक्स हे बंधू त्यांतले अग्रगण्य. त्यांचे शिकागोतील व्यवहार ओवेन आल्डिस पाहत असत, आणि बर्नहॅम अँड रूट या वास्तुविशारद संस्थेशी त्यांचा संबंध १८८१-८२ मधील माँटॉक ब्लॉक या दहा मजली इमारतीपासून होता. मोनॅडनॉकची जागा ब्रुक्स यांनी १८८१ मध्ये घेतली, तेव्हा ती व्यापारी वस्तीच्या दक्षिण टोकाला होती. जॅक्सन रस्त्यावरच, थोडे पश्चिमेला, शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या धान्याच्या सौद्यांच्या बाजाराची इमारत १८८५ मध्ये उभी राहिली आणि या टोकाचा भाव वाढला. कार्यालयांना मागणी निर्माण होईपर्यंत ब्रुक्स थांबले. इमारतीचा आराखडा १८८४-८५ पासून तयार होत होता, पण काम सुरू झाले १८८९ मध्ये. मधल्या काळात मजल्यांची संख्या वाढली आणि अलंकरण मात्र उतरत गेले.

अलंकरण कमी होण्यामागे पीटर ब्रुक्स यांचा आग्रह होता. आल्डिस यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्यांची भूमिका स्पष्ट दिसते. भिंतीवर पुढे आलेले किंवा आत खोदलेले काही नको, कारण तिथे धूळ-काजळी साठते, पक्षी बसतात आणि अशा भागांची निगा राखण्यात पैसा जातो. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या शहरात ही तक्रार अगदी रास्त होती. वास्तुविशारद जॉन वेलबॉर्न रूट यांच्या आधीच्या आराखड्यांत इजिप्शियन धर्तीचे अलंकरण होते. ते अलंकरण गळाले, पण त्यामागची कल्पना टिकून राहिली. पायथ्याशी भिंत हलक्या वळणाने बाहेर पसरते, वर सरळ चढत जाते आणि माथ्याला पुन्हा बाहेरच्या बाजूला झुकते. इजिप्तच्या देवळांमधील दगडी बांधणीचा आणि पपायरस या पाणवनस्पतीच्या देठाचा आकार या रेषेत ओळखता येतो. इमारतीचे कोपरे तळाशी धारदार आहेत आणि वर जाताना ते क्रमाने अधिकाधिक छाटलेले दिसतात. या सर्व वळणांसाठी खास साच्यांतून विटा पाडून घ्याव्या लागल्या. कोरीव काम जवळजवळ वर्ज्य असताना केवळ विटेच्या आकारातून इतका डौल निर्माण करणे हे रूट यांचे सर्वांत मोठे यश आहे असे मला वाटते. इमारत पूर्ण झालेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. जानेवारी १८९१ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

भिंतीतून लाटेसारख्या बाहेर येणाऱ्या खिडक्यांच्या उभ्या रांगा पाहून हे सौंदर्यासाठी केलेले काम असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांचे पहिले प्रयोजन मात्र भाड्याचे होते. वरच्या मजल्यांवरील हे भाग भूखंडाच्या सीमारेषेबाहेर, रस्त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत आलेले आहेत. म्हणजे जमीन न घेता भाड्याने देता येणारे क्षेत्रफळ वाढले आणि त्याबरोबर अशा खोल्यांत तीन दिशांनी उजेड आला. विजेचा प्रकाश तेव्हा अपुरा आणि महाग होता, त्यामुळे ज्या कार्यालयाला बाहेरची खिडकी नाही त्याला भाडेकरू मिळणे कठीण असे. या भूखंडाची रुंदी ७० फुटांहूनही कमी आहे, आणि मधोमध एक मार्गिका व दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना केल्यामुळे एकही कार्यालय खिडकीविना राहिले नाही. मार्गिकेकडील भिंतींत कोरीव पोताची काच बसवून खोल्यांतला उजेड आतपर्यंत आणला होता. जमिनीवर मोझेक, भिंतींच्या खालच्या भागात संगमरवर, ओक लाकडाची दारे, आणि जिन्यांच्या कामात ॲल्युमिनियम हा तेव्हा अगदी नवा असलेला धातू : बाहेर रोखून धरलेला खर्च आत, भाडेकरूच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी, मोकळ्या हाताने केला गेला.

आता भिंतीच्या जाडीकडे वळू. उत्तरेकडील भागाची उंची सुमारे २१५ फूट, म्हणजे साधारण ६५ मीटर आहे. विटकाम घनमीटरला सुमारे १.९ टन भरते. तेव्हा तळापासून माथ्यापर्यंत एकाच जाडीची, दारे-खिडक्या नसलेली भिंत कल्पिली, तर केवळ स्वतःच्या वजनाने तिच्या पायथ्याशी चौरस मीटरला सुमारे १२५ टन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेबारा किलोच्या आसपास दाब येईल. चांगल्या भाजलेल्या विटेची चिरडली जाण्याची मर्यादा याच्या कित्येक पटींनी अधिक असते. त्यामुळे तळची वीट चिरडेल या भीतीपोटी सहा फुटांची गरज पडली, असे म्हणता येत नाही. मात्र भिंत म्हणजे एकटी वीट नव्हे. तिच्यात विटा जोडणारा मसाला असतो, तो विटेपेक्षा कमजोर असतो. खिडक्यांमुळे सारा भार मधल्या खांबांवर एकवटतो. मजल्यांचा भार भिंतीच्या मध्यावर न येता आतल्या बाजूला येतो. आणि उंच, सडपातळ भिंतीला बाजूला फुगून कोसळण्याचा धोका असतो. या सर्वांचा स्वतंत्र हिशेब त्या काळी कोणी करत नसे. त्याऐवजी एक रूढ ठोकताळा वापरला जाई : एका मजल्याला १२ इंच जाडी आणि त्यापुढच्या प्रत्येक मजल्यामागे तळाशी आणखी ४ इंच. सोळा मजल्यांसाठी १२ अधिक पंधरा गुणिले ४, म्हणजे ७२ इंच होतात. मोनॅडनॉकची प्रसिद्ध सहा फूट जाडी नेमकी हीच आहे. वर जाताना ती कमी होत माथ्याशी दीड फुटावर येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही इमारत केवळ विटांची नाही. भार वाहणाऱ्या भिंती बाहेरच्या बाजूला आहेत. आत मजले पेलण्यासाठी लोखंडी खांब आणि तुळया आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाऱ्याचा प्रश्न. उंची रुंदीच्या तिपटीहून अधिक आणि लांब बाजू वाऱ्यासमोर, अशा इमारतीत खांब आणि तुळया यांचे सांधे घट्ट रिव्हेट करून त्यांच्या ताठ चौकटी तयार केल्या गेल्या, जेणेकरून आडवा रेटा या चौकटींनी घ्यावा. अमेरिकेतील उंच इमारतीत अशा चौकटीने वारा पेलण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. म्हणजे जिला जुन्या पद्धतीचा शेवटचा नमुना म्हटले जाते, तिच्या पोटात पुढच्या शतकातील गगनचुंबी इमारतींचे एक मूलभूत तंत्र आधीच होते. ‘जगातील सर्वांत उंच विटांची इमारत’ हे तिचे वर्णनही सैल आहे. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाचा दगडविटांचा मनोरा ५४८ फूट उंच असून त्याच्या तळच्या भिंती २२ फुटांपर्यंत जाड आहेत. मोनॅडनॉकचा मान व्यापारी इमारतींमधला आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण नगरभवनाला भाडे कमवायचे नव्हते.

लोखंडी सांगाडा उपलब्ध होता का? निश्चितच होता. वास्तुविशारद विल्यम ल बॅरन जेनी यांची होम इन्शुरन्स इमारत १८८५ मध्ये उभी राहिली होती आणि होलाबर्ड अँड रोश या वास्तुविशारद संस्थेची टॅकोमा इमारत १८८९ मध्ये. खुद्द बर्नहॅम अँड रूट यांनी १८९० मध्ये रँड मॅक्नॅली कंपनीसाठी संपूर्ण पोलादी सांगाड्याची इमारत बांधली आणि १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या मॅसॉनिक टेंपलची वीसहून अधिक मजल्यांची रचनाही सांगाड्याचीच होती. तेव्हा मोनॅडनॉकच्या भिंतीमागे अज्ञान नव्हते. मालकांचा निर्णय होता. नव्या सांगाड्याच्या टिकाऊपणाबद्दल ब्रुक्स यांना भरवसा वाटत नव्हता. भिंतीत झाकलेले लोखंड पन्नास वर्षांनी कोणत्या अवस्थेत असेल, हे १८८९ साली सांगू शकणारा एकही माणूस नव्हता, कारण तितके जुने उदाहरणच अस्तित्वात नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न मिळावे म्हणून बांधणाऱ्या मालकाने माहीत असलेल्या पदार्थावर विश्वास ठेवला, यात मला गैर काही दिसत नाही. आगीचाही विचार त्यात असणार. सुमारे वीस वर्षांपूर्वी शहराचा मध्यवर्ती भाग जळालेला लोकांनी पाहिला होता.

या निर्णयाची किंमत मात्र मोठी होती आणि ती दोन ठिकाणी मोजावी लागली. पहिली तळमजल्यावर. रस्त्याकडचे गाळे हे सर्वाधिक भाड्याचे, आणि भिंती सर्वाधिक जाड तिथेच. दोन्ही बाजू मिळून रुंदीतले जवळजवळ १२ फूट भिंतींनी व्यापले आणि दुकानांच्या काचा जाड विटकामात खोल गेल्या. दुसरी किंमत जमिनीखाली मोजावी लागली.

शिकागोची जमीन म्हणजे ओल्या, मऊ चिकणमातीचा जाड थर आहे आणि खडक शंभर फुटांहून खोल आहे. त्या मातीवर चौरस फुटाला साधारण ३,००० ते ३,५०० पौंड, म्हणजे चौरस मीटरला १५ ते १७ टन इतकाच भार टाकणे सुरक्षित समजले जाई. वर सांगितलेल्या सव्वाशे टनांशी हा आकडा ताडून पाहिला की अडचण ध्यानात येते. भिंत तळाशी रुंद आणि वर अरुंद असल्यामुळे सरासरी दाब बराच कमी होतो, तरीही पायाचे क्षेत्र भिंतीच्या कित्येक पट असल्याशिवाय गत्यंतर नव्हते. रूट यांनी माँटॉक ब्लॉकसाठी यावर उपाय काढला होता : लोखंडी रुळांचे एकमेकांवर आडवे-उभे थर काँक्रीटमध्ये गाडून रुंद, ताठ पण कमी जाडीचा तराफा बनवायचा. दगडाचे पायऱ्यापायऱ्यांचे जुने पाये तळघराची सारी जागा खात असत. या तराफ्यामुळे ती मोकळी झाली. मोनॅडनॉकमध्ये काँक्रीट आणि पोलादी तुळयांचा हा तराफा दोन फूट जाडीचा असून बाहेरच्या भिंतींपलीकडे, रस्त्याखाली, ११ फूट पसरलेला आहे.

अशी इमारत खचणार हे गृहीतच होते. ती सुमारे आठ इंच दबेल असा अंदाज करून तळमजला मुद्दाम तेवढा उंच धरला होता. पण चिकणमातीतले पाणी दाबाखाली हळूहळू, दशकानुदशके निचरत राहते आणि तोवर जमीन दबतच राहते. हे शास्त्र विसाव्या शतकात विकसित झाले. आठ इंच पहिल्या पंधरा वर्षांतच गाठले गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खचण्याचे माप २० इंचांवर पोहोचले, त्यामुळे रस्त्यावरून आत शिरताना पायरी उतरावी लागू लागली. १९४० च्या सुमारास डिअरबॉर्न रस्त्याखालून भुयारी रेल्वेचे काम निघाले, तेव्हा पूर्वेकडील भिंतीला कठीण थरापर्यंत नेलेल्या खोल स्तंभांचा आधार द्यावा लागला. इतके खचूनही इमारत उभी आणि वापरात राहिली, याचे कारण ती बहुतांशी एकसारखी खचली. जुन्या इमारतींना एकूण खचण्याने सहसा इजा होत नाही. एक बाजू दुसरीपेक्षा अधिक खचली की भेगा पडतात. तराफ्याच्या रचनेचे खरे श्रेय इथे आहे.

दक्षिणेकडील भागाचे काम १८९१ ते १८९३ या काळात झाले. रूट गेले होते, डॅनियल बर्नहॅम १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या कामात पूर्णपणे गुंतले होते, आणि आल्डिस यांनी हे काम होलाबर्ड अँड रोश यांच्याकडे सोपवले. इथे सतरा मजले पोलादी सांगाड्यावर बसले आणि बाहेर विटा व टेराकोटा, म्हणजे साच्यात घडवून भाजलेल्या मातीचे ठोकळे, यांचे आवरण आले. वजन घटले, खर्च घटला आणि भाड्याचे क्षेत्र वाढले. दर्शनी भागाची मांडणी मात्र परंपरेकडे झुकलेली आहे : खाली दोन मजली उंच, ग्रॅनाइटचे जोते, मध्ये एकसारख्या मजल्यांची ओळ आणि वर कमानींच्या खिडक्यांवर भरीव कॉर्निस, म्हणजे माथ्याची पुढे आलेली पट्टी. जुन्या तंत्राचा भाग दिसायला आधुनिक आणि नव्या तंत्राचा भाग दिसायला जुन्या वळणाचा, ही या इमारतीतील विसंगती अभ्यासकाने शांतपणे पाहण्यासारखी आहे. तंत्र बदलले म्हणून रूप लगेच बदलत नाही, आणि रूप बदलायला दर वेळी नवे तंत्र लागते असेही नाही.

संपूर्ण इमारत चार भागांत विभागलेली होती आणि अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या प्रदेशातील डोंगरांवरून त्यांना मोनॅडनॉक, कीअरसार्ज, कटाहडिन आणि वॉचुसेट अशी नावे दिली होती. पहिले दोन उत्तरेकडील, नंतरचे दोन दक्षिणेकडील. यांतही व्यवहार होता : लिफ्ट, जिने, नळ आणि उष्णतेची व्यवस्था स्वतंत्र ठेवली की गरज पडल्यास एखादा भाग वेगळा विकता येतो. १८९३ मध्ये सारे काम संपले तेव्हा सुमारे १,२०० खोल्या आणि ६,००० माणसांना सामावणारी ही इमारत कार्यालयांसाठी बांधलेली जगातील सर्वांत मोठी इमारत समजली जात होती. त्याच वर्षी शिकागोने नव्या इमारतींवर १३० फूट उंचीची मर्यादा घातली, त्यामुळे तिच्या शेजारी लगेच कोणी उंच उठले नाही आणि तिचा उजेड टिकला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये स्किडमोर अँड ओविंग्ज या वास्तुविशारद संस्थेच्या हस्ते मोठे आधुनिकीकरण झाले आणि मूळचे बरेचसे अंतर्गत काम झाकले गेले किंवा नाहीसे झाले. पुढील दशकांत शहरातील नव्या कार्यालयांशी स्पर्धा करताना इमारतीची रया गेली. १९७० मध्ये तिची राष्ट्रीय वारसा नोंदणी झाली, १९७३ मध्ये शहराने तिला संरक्षण दिले, पण संरक्षणाच्या आदेशाने छत गळायचे थांबत नाही. खरे वळण १९७९ मध्ये आले, जेव्हा नव्या मालकाने मूळ रूपाकडे परतण्याचा मार्ग धरला. इमारत रिकामी न करता, मजल्यामागून मजला घेत, वर्षानुवर्षे काम चालले. मोझेक, काच, लाकूडकाम आणि दिवे मूळ आराखडे व उरलेल्या अवशेषांवरून पुन्हा घडवले गेले. तळमजल्यावरील दुकानांच्या पाट्यांनाही शिस्त लावली गेली. व्यापारी इमारतीचे जतन करण्याची ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते, कारण भाडे सुरू राहते, आधी पूर्ण झालेल्या मजल्यांकडे पाहून पुढच्या मजल्यांसाठी भाडेकरू मिळतात आणि एका मजल्यावर शिकलेले कौशल्य दुसऱ्यावर उपयोगी पडते.

आता शेवटचा प्रश्न : अवघड भाग कोणता? पुष्कळांना वाटते की सहा फूट जाड, खचलेली, जुन्या पद्धतीची भिंत म्हणजे मोठी डोकेदुखी असणार. मी सर्वसाधारण अनुभवावरून उलट सांगेन. भार वाहणारी वीटभिंत आपले दुखणे उघड दाखवते. भेग पडते, फुगवटा येतो, दरजांतला मसाला झडतो. हे सारे डोळ्यांना दिसते आणि त्यासाठी वेळ मिळतो. तिच्या दुरुस्तीत पाळायचे मुख्य पथ्य म्हणजे दरजा भरताना मसाला विटेपेक्षा नरम ठेवणे. कडक सिमेंटने दरजा भरल्या की भिंतीतले पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ते विटेतून वाट काढते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा पापुद्रा उडतो. विशेष साच्यातल्या विटेच्या बाबतीत हे नुकसान भरून काढणे फार महाग पडते. वाळूचा फवारा मारून भिंत धुणे तर पूर्णपणे टाळावे, कारण विटेची भाजलेली बाह्य त्वचा त्यात जाते.

सांगाड्यावरच्या आवरणाचे तसे नसते. टेराकोटाचे पोकळ ठोकळे लोखंडी आकड्यांनी मागच्या पोलादाला अडकवलेले असतात. सांध्यातून पाणी शिरले की लोखंड गंजते, गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते आणि ठोकळा आतून फुटू लागतो. बाहेरून झिलईवर केसासारखी एक रेघ दिसते, तीही जवळून पाहिल्यावर. म्हणून सांगाड्याच्या इमारतीची तपासणी दुर्बिणीने रस्त्यावरून करून भागत नाही. माथ्यावरून टांगता पाळणा खाली सोडून त्यातून प्रत्येक ठोकळ्यावर लाकडी हातोडीने ठोकावे लागते आणि बद्द आवाज आला तिथे ठोकळा काढून मागचा आकडा पाहावा लागतो. कॉर्निस आणि कोपरे इथून सुरुवात करावी, कारण पाणी तिथेच साठते आणि पडणारा तुकडा तिथूनच सर्वाधिक उंचीवरून खाली येतो. ब्रुक्स यांना झाकलेल्या लोखंडाबद्दल जी शंका होती, तिचा पाठपुरावा आज अशा प्रत्येक तपासणीत करावा लागतो. आणि अंदाजपत्रक करताना दक्षिणेसारख्या भागासाठी मी नेहमीच अधिक तरतूद ठेवायला सांगतो, कारण ठोकळा काढेपर्यंत मागच्या पोलादाची अवस्था कोणालाच सांगता येत नाही.